कुणालाही न ओळखणारं यंत्र

१

शुक्रवारी सकाळी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ग्रामशाळा मंडळाच्या ऑफिसातलं निःपक्ष यंत्र आंधळं झालेलं सापडलं.

लाकडी खोका जागेवर होता. समोरचे दहा बल्ब होते, बटण होतं, आतला तांब्याच्या तारांचा जड ट्रान्सफॉर्मरही होता. गेला होता फक्त लहान वांग्याएवढा एक काचेचा व्हॉल्व्ह. म्हणजे चोराने तांबं सोडलं आणि काच नेली. बालाघाटच्या चोरांबद्दल गावाचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण ते इतके अडाणी असतील असंही कोणाला वाटलं नव्हतं.

साल अडुसष्ट, महिना मे. बैहरकडच्या जंगलातल्या शाळांवर कोणत्या मास्तरांना पाठवायचं, हा मंडळापुढचा दरवर्षीचा प्रश्न. उत्तरही दरवर्षी ठरलेलं असे: ज्याचं कोणी नाही त्याला. आदल्या वर्षी यावरून सभेत खुर्ची फेकली गेली. ती अध्यक्षांची असल्यामुळे प्रश्न गंभीर मानला गेला, आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या खेमराज सरांना पाचारण करण्यात आलं.

"व्हॉल्व्हमधली तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात," सरांनी सभेला समजावलं होतं. "कौलांवर थेंब पडावेत तसे समोरच्या पट्टीवर पडतात. पुढचा थेंब कधी पडेल हे कोणालाच सांगता येत नाही, खुद्द इलेक्ट्रॉनलाही नाही. त्या थेंबांच्या तालावर उजेड या दहा बल्बांवरून धावतो. बटण दाबलं की असेल तिथे थांबतो. दोनदा दाबलं की दोन आकडी नंबर तयार. त्या नंबरचा शिक्षक बैहरला. यात माणसाचा हात नाही, डोकं नाही, ओळख नाही."

ओळख नाही म्हटल्यावर सभेत जरा चुळबुळ झाली. पण ठराव पास झाला.

मंगळवारी सोडत झाली. कटंगीच्या शिक्षिका शांताबाईंचा सत्तेचाळीस नंबर निघाला; बैहरचा योग आला. बुधवारी शांताबाईंनी अर्ज दिला की यंत्र नागपूरच्या इंजिनियरकडून उघडून तपासावं. इंजिनियर शनिवारी येतो म्हणाला. आणि शुक्रवारी व्हॉल्व्ह नाहीसा.

"आता मशीनच नाही तं तपासाचं काय?" सेक्रेटरी टिकारामजी म्हणाले. त्यांच्या स्वरात दुःख होतं, पण ते घाईत होतं. "इंजिनियरले नको येऊ म्हणून तार करा. सोमवारी मी बदल्याच्या आदेशावर सही करतो."

२

शालिकराम वासनिक आबकारी खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्यांच्या पायांना कोणी कळवलेली नव्हती. ते चहा उभ्याने पीत, पेपर चालत वाचत. नोकरीत त्यांनी मोहाच्या दारूच्या इतक्या भट्ट्या पकडल्या होत्या की विझवून, सारवून, वर रांगोळी काढलेली चूलसुद्धा काल पेटली होती की परवा, हे ते नाकाने सांगत.

"काकाजी, बसा ना जराकसे," शांताबाई म्हणाल्या. शालिकराम त्यांच्या वडिलांचे मित्र. एकाच वस्तीतले.

"बसलो का मले झोप येते. तू बोल."

"मी बैहरले भेत नाही. पण मी गेली का कटंगीचा मराठीचा वर्ग बंद होते. माह्या जागी जो येणार, त्याले मराठीचं एक अक्षर येत नाही. वर्ग एक डाव बंद झाला का पुन्हा उघडत नाही, हे तुमाले माहीत आहे."

"मंग तुह्या मनात काय आहे? नंबर रद्द करून आणू?"

"नाही." शांताबाईंनी पदर खोचला. "नंबर खरंच नशिबानं निघाला असन तं मी आजच पेटी भरते. कोणी काढला असन तं त्याचं नाव पाहिजे. बस, एवढंच."

शालिकराम दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा दारापर्यंत गेले.

"तांबं सोडून काच नेली," ते म्हणाले. "हा चोर विकाले नाही आला. लपवाले आला. चाल."

३

खेमराज सरांच्या व्हरांड्यात बदली झालेले चार-पाच मास्तर घाम पुसत उभे होते. आत जायचं धाडस कोणात नव्हतं आणि घरी जायचं तर त्याहून नव्हतं. सर बाहेर आले, प्रत्येकाकडे पाहून "आपण?" म्हणाले, प्रत्येकाने नाव-गाव सांगितलं, सरांनी प्रत्येकाला "हो, हो" म्हटलं.

"आपण?" त्यांनी शांताबाईंना विचारलं.

"शांताबाई. कटंगी."

"हो, हो."

सर नागपुरात शिकलेले. तिथून त्यांनी सुवर्णपदक आणि पुस्तकी मराठी, दोन्ही आणलं होतं. पदक भिंतीवर होतं.

"व्हॉल्व्ह सकाळपासून तापत ठेवला होता," ते म्हणाले. "नीट तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन भरवशाने सुटत नाहीत."

"किती तापते?" शालिकरामांनी येरझारा घालत विचारलं.

"हात लावला तर फोड येईल, इतका."

"तुम्ही कोठी उभे होते?"

"मी यंत्राच्या डावीकडे, आकडे मोठ्याने वाचायला. बटण सेक्रेटरी साहेब दाबत होते. उजवीकडे ऑफिसचे हेडक्लार्क, बडे बाबू सुखराम, हातपंख्याने यंत्राला वारा घालत. शिक्षक सगळे अंगणात. त्यांच्या नंबरांचा तक्ता समोरच्या भिंतीवर."

"खोक्याले मागच्या बाजूनं एक कळ आहे म्हणते."

"बल्ब शाबूत आहेत का ते पाहण्यासाठी. ती फिरवली की हवा तो बल्ब पेटवता येतो." सर जरा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू? इतकी वर्षं बदल्या बडे बाबूंच्या हातात होत्या. यंत्राने त्यांचं राज्य घेतलं. यापुढे मी काही बोलत नाही."

यापुढे ते बरंच बोलले. निघताना शांताबाईंनी नमस्कार केला तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "आपण?"

४

सेक्रेटरींच्या घरी टिकारामजी वामकुक्षीत होते, म्हणून बोलणं त्यांच्या पत्नी अंजनाबाईंशी झालं. त्यामुळे माहिती मिळाली.

"मशीनची पूजा मीच केली ना," त्या कौतुकाने म्हणाल्या. "नवी मोटर येवो का नवी मशीन, कुंकवाबिगर सुरू कशी कराची? नारळ फोडला, मोगऱ्याचा हार घातला. बाबू म्हणे, मशीनचा जीव त्या काचेत आहे. मंग म्या काचेलेच कुंकू लावलं. पाण्यात कालवून, चांगलं ठसठशीत."

"बोटानं?"

"मंग काय चमच्यानं?"

"सर जवळच असतीन. काही बोलले?"

"ते काय बोलतीन? हात जोडून उभे होते बिचारे. शिकेल माणूस, पण देवाधर्माले नाव ठेवत नाही."

शालिकरामांचे पाय थांबले. हे शांताबाईंनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"वहिनी, बोट दाखवा तं."

अंजनाबाईंनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. गोरं, गुबगुबीत, एकही डाग नसलेलं बोट.

"भाजलं नाही?"

"भाजन काहून? माठासारखी गार तं होती काच!"

५

रस्त्यावर गरम वारा धुळीचे लोट घेऊन फिरत होता. त्यालाही कुठे बसवत नव्हतं.

"म्हणजे व्हॉल्व्ह पेटलाच नव्हता," शांताबाई म्हणाल्या.

"पूजेच्या टायमाले नव्हता. पण मंग मागून पेटला असन तं? सर म्हणतीन, पूजेपुरता बंद केलता. वहिनीच्या बोटानं एवढंच कळते का आधी गार होता. सोडतीच्या टायमाले काय होता, ते पाहिजे."

बडे बाबू सुखराम ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून बसले होते. चोरीचा विषय निघताच त्यांनी ते उचललं.

"हौ, मशीन मोडावं असं मले वाटत होतं," ते म्हणाले. "लपवून काय करू? पयले माह्या टेबलासमोर लोक उभे राहत. आता त्या खोक्यासमोर राहतीन. पण म्या हात नाही लावला."

"पंखा काहून घालत होते?"

"साहेबाले घालतो, मशीनले घातला. सर म्हणे लय गरम होते. ऑफिसात कोणी गरम झालं का वारा घालाचा, हेच तं शिकलो आजवर."

"मशीनची झळ लागली?"

बाबू विचारात पडले. ही त्यांची रोजची सवय नसल्याने वेळ लागला. "आता तुम्ही म्हणता तं... नाही लागली. माहाच वारा मले येत होता."

"सर म्हणते, कळ तुम्ही फिरवली असन."

सुखराम बाबू उभेच राहिले. "म्या? अरे, रामपायलीचा पुनाराम माहा साडू आहे! त्याचा नंबर निघाला तवापासून बायको माह्या संग बोलून नाही राह्यली. ताट आपटते! मले कळ फिरवाची असती तं पयले साडूले वाचवलं असतं, मंग पुढचं."

हा युक्तिवाद इतका अप्रामाणिक होता की त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"पूजेचे हार-फुलं कोठी गेले?" शालिकरामांनी जाता जाता विचारलं.

"निर्माल्याची टोपली मशीनजवळच होती. चपराशी नथ्थूनं काल सांजी नेली असन, वैनगंगेत सोडाले."

शालिकराम तोवर पायऱ्या उतरून गेलेही होते.

६

नथ्थूच्या घरी नथ्थू नव्हता. त्याची बायको मैनाबाई होती आणि ती दार अडवून उभी होती.

"आबकारीवाले साहेब काहून आले? आमच्या घरी काही नाही! पयलेही नव्हतं!"

"मी आता रिटायर आहो, बाई. निर्माल्य नदीत सोडलं का, तेवढं सांगा."

"सोडलं. फुलं सोडले, नारळाची शेंडी सोडली." मैनाबाईंनी शांताबाईंकडे पाहिलं. कटंगीच्या मास्तरीणबाईंना खोटं सांगणं जड गेलं असावं. "पण एक नाही सोडलं."

"काय?"

"आता कुंकू लागेल देव काय कचऱ्यासारखा फेकून द्याचा? फुलाच्या खाली दडून बसला होता. म्या म्हटलं, असा काचेचा देव तं कधी पाह्यला नाही. विजेचा दिसते, इंद्राचा असन. हे म्हणे फेक. म्या म्हटलं, तुमी फेका, तुमाले लागन पाप."

आत कोनाड्यात, बाळकृष्ण आणि खंडोबाच्या टाकाच्या मधोमध, तांदळाच्या लहानशा राशीवर व्हॉल्व्ह उभा होता. समोर उदबत्ती जळत होती. काचेवर अंजनाबाईंच्या बोटाचा ठसा, ठसठशीत आणि लालभडक.

शालिकरामांनी वाकून वास घेतला. मग त्यांनी एक असं केलं जे त्यांच्या घरच्यांनीही वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. ते जमिनीवर बसले.

"शांता," ते म्हणाले, "ही चूल मंगळवारी पेटलीच नाही."

७

शनिवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. टिकारामजी, अंजनाबाई, सुखराम बाबू, खेमराज सर, नथ्थू आणि मैनाबाई. मैनाबाईंनी देव ताम्हनात घालून आणला होता आणि तो कोणाच्या हातात देत नव्हत्या. बाहेर बदली झालेले मास्तर खिडक्यांना लागून उभे.

शालिकरामांनी ऑफिसचा रेडिओ मागून उघडला आणि सुरू केला. आतले व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. त्यांनी अंजनाबाईंच्याच करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं, उदबत्तीच्या काडीवर घेतलं आणि सगळ्यात मोठ्या व्हॉल्व्हला लावलं. चर्र झालं. लाल रंग तपकिरी झाला, मग काळा, मग पापुद्रा होऊन सुटला. खोलीत करपल्याचा वास पसरला.

"हे पेटेल व्हॉल्व्हवरचं कुंकू," शालिकराम म्हणाले. "आणि हे मैनाबाईच्या देवावरचं. मंगळवारी दोन तास सोडत चालली. कोणाले असा वास आला होता?"

कोणाला आला नव्हता. मोगऱ्याचा आला होता, चिवड्याचाही आला होता.

"वहिनीचं बोट भाजलं नाही, म्हणजे पूजेत व्हॉल्व्ह गार होता. कुंकू करपलं नाही, म्हणजे सोडतीतही गारच होता. बाबूनं दोन तास गार खोक्याले वारा घातला. व्हॉल्व्ह गार असन तं उजेड आपल्या मनानं धावत नाही. साहेबाचं बटण नुसतं खेळणं. बल्ब पेटवाले मंग एकच उपाय राहते, मागची कळ. ती कोण फिरवू शकते? उजवीकडे बाबू, डावीकडे सर. बाबूनं फिरवली असती तं साडू बैहरले नसता गेला."

खेमराज सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आणिक एक," शालिकराम चालता चालता म्हणाले. "अख्ख्या बालाघाटात एकाच माणसाले माहीत होतं का तापेल काचेले हात लावला तं फोड येते. बाई ओलं बोट घेऊन पुढं झाली तं तो माणूस हात जोडून उभा राह्यला. बोंबलला काहून नाही?"

"सर?" अंजनाबाई आपल्या बोटाकडे पाहत म्हणाल्या.

"तार तुटली होती," खेमराज सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "त्याच सकाळी. दुसरा व्हॉल्व्ह गोंदियाला मिळाला असता, पण इकडे मंडप पडलेला, अध्यक्ष आलेले, चिवडा तळलेला. कोणत्या तोंडाने सांगणार होतो? इंजिनियर येणार कळल्यावर मी तो काढून फुलांत लपवला. नदीत जाईल म्हटलं." त्यांनी ताम्हनाकडे पाहिलं. "कुंकवाचा विचारच केला नाही मी. मी ते मानत नाही."

"आणि नंबर?" शांताबाईंनी विचारलं. "माहा नंबर कोणाच्या सांगण्यावरून काढला?"

"कोणाच्याच नाही!" सर ताठ झाले. "एक पैसा घेतला नाही, कोणाची चिठ्ठी घेतली नाही. उलट तक्त्यावर ओळखीचं नाव दिसलं की मी पुढे जायचो. ज्यांच्याबद्दल मला बरं-वाईट काहीच माहीत नाही, तेच नंबर घेतले. याहून निःपक्ष माणूस काय करू शकतो?"

शालिकराम खिडकीपाशी गेले.

"पुनाराम गुरुजी, सर तुमच्या घरी कधी चहा प्याले?"

"नाही बा."

"तुमच्या घरी? तुमच्या? तुमच्या वस्तीत तरी कधी आले?"

एकेक मान हलत गेली. काही जण शालिकरामांच्याच वस्तीतले होते, काही दूरच्या खेड्यांतले, ज्यांचं शहरात कोणी नव्हतं. सरांच्या दिवाणखान्यात ज्यांनी कधी कप खाली ठेवला होता, असा एकही माणूस त्या खिडक्यांत नव्हता.

"इलेक्ट्रॉनबी कोणाले ओळखत नाही," शालिकराम म्हणाले. "पण तो कोणाले वाचवतही नाही, सर. तुम्ही ओळखीचे वाचवले, राह्यले ते आम्ही. दरसाली हेच होते. यंदा फक्त मशीनच्या नावानं झालं."

सर काही बोलायला गेले. त्यांचं लक्ष शांताबाईंकडे गेलं. "शांताबाई... कटंगी," ते म्हणाले. या वेळी त्यांना विचारावं लागलं नाही. "म्या खरंच... माह्या ध्यानातच नाही आलं."

पुस्तकी मराठी कुठे गळून पडली ते त्यांनाही कळलं नाही.

८

आदेश फाडले गेले. सरांनी स्वतः गोंदियाहून नवा व्हॉल्व्ह आणला. राजेगावला बस बंद पडली तेव्हा तो मांडीवर घेऊन बसले होते म्हणतात. सोमवारी पुन्हा सोडत ठरली. या वेळी सरांनी सगळ्यांसमोर कळ उपटून शालिकरामांच्या खिशात टाकली.

सोडतीआधी सुखराम बाबूंनी शांताबाईंना बाजूला घेतलं. "बाई, तुमाले लय तरास झाला. तुमचा नंबर तक्त्यातून काढूनच टाकतो. कोणाले सांगू नका."

शांताबाईंनी क्षणभर रस्त्याकडे पाहिलं. कटंगीची बस उभी होती.

"नाही बाबू. राहू द्या."

"निघाला तं?"

"निघाला तं जाईन. पण मंग मले कोणी पाठवलं नसन."

अंजनाबाई कुंकू घेऊन पुढे झाल्या आणि खेमराज सर इतक्या जोरात ओरडले की अध्यक्ष खुर्चीवरून उठले. कुंकू खोक्याच्या लाकडाला लागलं. व्हॉल्व्ह लाल डोळ्याने बघत होता. उजेड बल्बांवरून वेड्यासारखा धावत होता. त्याच्याकडे पाहून डोळे दुखत होते, पण कोणी नजर काढत नव्हतं.

पहिलाच नंबर. टिकारामजींनी बटण दाबलं.

"चार," सर म्हणाले.

शांताबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. शालिकराम अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. उजेड धावत होता. टिकारामजींचं बोट बटणावर अडकल्यासारखं झालं होतं.

"दाबा साहेब!" कोणीतरी ओरडलं.

बटण दाबलं गेलं.

"चार."

चव्वेचाळीस. घनश्याम गुरुजी. टिकारामजींचा सख्खा भाचा. रविवारी खेमराज सरांकडे कॅरम खेळायला जाणारा.

शांताबाईंनी मूठ सोडली. अजून बरेच नंबर निघायचे होते आणि प्रत्येक नंबराला ती पुन्हा आवळली गेली. सत्तेचाळीस शेवटपर्यंत आला नाही. हा न्याय झाला असं कोणी समजू नये; व्हॉल्व्हला कटंगी माहीत नव्हती, मराठीचा वर्गही माहीत नव्हता. रामपायलीचा पुनाराम पुन्हा निघाला. त्याने हसून हात जोडले आणि म्हणाला, "आता कसं, आपल्या नशिबानं चाललो."

शांताबाईंची बस भोंगा वाजवत होती. शालिकरामांनी त्यांची पिशवी टपावर चढवली. जुना व्हॉल्व्ह मैनाबाईंनी केव्हाच कोनाड्यात परत नेला होता.

ऑफिसात मात्र टिकारामजी डोकं धरून बसले होते आणि बडे बाबू सुखराम त्यांना वारा घालत होते.

"चार आणि वरून चार," टिकारामजी म्हणाले. "असं कुठं असते का?"

"मी काय म्हणतो साहेब," सुखराम बाबू हळूच म्हणाले, "पुढच्या साली आपण पयल्यासारखंच करू. ही मशीन भरोशाची नाही. कोणालेच ओळखत नाही."